दातांवरून काढलेलं वय

"तोंड उघड," मॅनेजर म्हणाला.

मला वाटलं, गोळी देतोय. मी उघडलं. त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, तिच्या टोकाने माझा ओठ वर सारला आणि आत वाकून पाहिलं. बाजारात बैल घेताना पाहतात तसं. मग क्लार्कला म्हणाला, "दाढा गेल्यात. सगळे काळे. पन्नास लिही."

ऑफिसातले सगळे हसले. मी उजवा हात फडक्यात गुंडाळून उभी.

तुर्भ्याच्या त्या कारखान्यात मी प्रेस मशीनवर पत्र्याची झाकणं कापायची. काम पटापट व्हावं म्हणून हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेली जाळी याच साहेबाने काढायला लावलेली. माझी तीन बोटं गेली. वय होतं एकतीस. कामावर घेताना ते कुणी विचारलंच नव्हतं. आणि दात काळे होते ते मिशरीने. भूक मरते म्हणून आईनेच लहानपणी ती माझ्या हातावर ठेवली होती.

क्लार्कपुढे भरपाईच्या कायद्याचं पुस्तक उघडं होतं. एका बाजूला वय, दुसऱ्या बाजूला आकडा. त्या आकड्यावरून भरपाई ठरायची. त्याचं बोट खाली सरकत गेलं. वय वाढत होतं, आकडा उतरत होता. बोट पन्नासवर थांबलं. त्यांना वाटलं, हिला काय कळतंय! मी चौथी पास होते. इंग्रजी आकडे कारखान्यातच शिकले होते.

डोक्यात प्रकाश पडला. अंगाची लाही लाही झाली.

"साहेब, मी एकतीसची हाय. शाळंचा दाखला आनून देते."

"तुझा कसला दाखला? अंगठा कर आणि नीघ."

"न्हाय करनार."

तसाच हात घेऊन मी साताऱ्याकडच्या माझ्या गावाची एसटी धरली. शाळेत गुरुजींनी जुनं रजिस्टर काढलं. माझं नाव होतं. जन्मतारीख होती. दाखला घेऊन आले आणि ठाण्याच्या कोर्टात केस घातली.

मग एक दिवस क्लार्क माझ्या घणसोलीतल्या खोलीवर आला. मिठाईचा पुडा घेऊन.

"ताई, साहेब एकतीसच्या हिशोबाने द्यायला तयार आहेत. केस तेवढी मागे घ्या."

कारखान्यात 'ए बाई' होते, दाखला निघाल्यावर ताई झाले!

खोटं कशाला बोलू, मी विचारात पडले. भाडं थकलं होतं. दोन पोरं होती. पण ओठावर ती पेन्सिल अजून टोचत होती. मी पुडा त्याच्या हातात परत कोंबला.

"साहेबास्नी सांगा, कोर्टात या."

वकील म्हणतात, वर्षं जातील. जाऊ देत. भरपाई माझ्या हक्काची आहे, ती मी सोडणार नाही. पण त्याच्या आधी त्या मॅनेजरला पिंजऱ्यात उभं करायचंय. बाईचं वय कसं काढलंस, हे सगळ्यांदेखत त्याच्या तोंडून वदवायचंय. पहिला प्रश्न हाच विचारा, असं वकिलांना बजावून ठेवलंय. मी समोरच्या बाकावर बसणार आहे. त्याची मान खाली जाईपर्यंत त्याच्यावरची नजर हटवणार नाही.