आसेगावचा रस्ता आणि चौथीचा वर्ग

मी हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलं नाही, लिहिणं तर दूरच. मी मास्तरही पुरता नव्हतो. एका गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेतले एक मास्तर आजारपणामुळे लांब रजेवर गेले, तेव्हा त्यांच्या जागी मला घेतलं होतं. याला ‘रजेची जागा’ म्हणतात. मूळ मास्तर आले की आपण निघायचं. एवढ्याशा नोकरीवर अनुभव लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर वाचकांनी माफ करावं.

तर, वानखडे गुरुजींचा चौथीचा वर्ग सुरू होता, मीही तिथेच होतो आणि दारात रहीमभाई पिंजारी उभे होते. खांद्यावर धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य. त्यांची सलमा वर्गात पहिली होती.

“वानखडे गुरुजी, पोरगी परीक्षा देईन. मंग बस. तिचा दाखला घरी ठेवतो.”

वानखडे गुरुजी आमचे हेडमास्तर. ते म्हणाले, “काहून? पाचवीत नाई घालत?”

“आपल्या गावात पाचवी हाय कुठं? आसेगाव दोन कोस. सुनसान रस्ता. पोरीच्या जातीनं कसं जावं? तुमीच सांगा.”

 मला वाटलं, गुरुजी समजूत घालतील. पण रहीमभाई गेल्यावर ते वर्गाकडे वळले. “आसेगाव दोन कोस हाये म्हणते. कोणी मोजलं?”

कोणीच मोजलं नव्हतं. भूगोलात ‘अंतर’ आणि गणितात ‘मीटरचे किलोमीटर’ हे धडे शिकवायचे राहिले होते. गुरुजींनी दोन्ही धडे रस्त्यावर काढले.

वर्गातल्या गजाननच्या घरची बंडी, म्हणजे बैलगाडी, मागितली. चाकाच्या लोखंडी धावेभोवती सुतळी गुंडाळून मुलांनी चाकाचा घेर काढला. एका आऱ्याला लाल चिंधी बांधली. चिंधी खाली आली की चाकाचा एक फेरा पूर्ण. एकाने ओरडायचं, दुसऱ्याने पाटीवर रेघ मारायची. दमले की जोडी बदलायची. बाकीच्यांनी वाटेत दिसेल ते लिहायचं: विहीर, आंबा, नाला, वस्ती. मी बंडीमागे चालत होतो. एवढा गोंगाट करणारी मुलं एवढ्या काळजीने काम करताना मी पहिल्यांदा पाहिली. नाल्याच्या रेतीत चाक घसरलं, तेव्हा सलमाने बंडी थांबवली, मागे घ्यायला लावली आणि तेवढा तुकडा सुतळीने मोजला.

परतल्यावर गुणाकार सलमानेच केला. फळ्यावर उत्तर लिहिलं. रस्ता दोन कोसांहून लांब निघाला होता.

वर्गाचे चेहरे उतरले. गजानन म्हणाला, “गुरुजी, थोडे फेरे गिळून टाकू न. कोण पाह्यते?”

“मंग परीक्षेत तुये मार्कबी गिळू?” गुरुजी म्हणाले. “मोजलं ते मोजलं. आता नकाशा काढा. रस्त्यावर जे हाये ते सारं दाखवा.”

मला गुरुजींचा थोडा रागच आला. मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती आणि यांना नकाशा सुचत होता. पण बोलायची हिंमत झाली नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत मुलांनी सारवलेल्या जमिनीवर खडूने नकाशा काढला. दारापासून फळ्यापर्यंत आसेगावचा रस्ता. रहीमभाईंना बोलावलं. सलमाने खालमानेने सांगितलं, “अब्बा, दोन कोसाच्या वर हाय.”

“म्या काय म्हणलं होतं?” रहीमभाई म्हणाले. जिंकल्याचा आनंद मात्र त्यांच्या आवाजात नव्हता. ते निघणार होते, पण पायाखाली नकाशा होता. पाय पडू नये म्हणून ते वाकून पाहू लागले.

“हे काय?”

“राठोडाची वस्ती. मळ्यातली,” सलमा म्हणाली.

“राठोडाच्या रजया मीच भरतो. अन् हे?”

“विहिरीजवळचं घर.”

“थे म्हातारी! मले चहा पाजल्याबिगर सोडत नाई.” ते उकिडवे बसले. हिवाळ्याच्या तोंडावर धुनकी घेऊन दरवर्षी ते याच रस्त्याने घरोघर गाद्या-रजया भरत फिरत. ज्याला ते सुनसान म्हणत होते, त्या रस्त्यावरचं प्रत्येक घर त्यांच्या ओळखीचं होतं. मुलीचा विचार करताना मात्र त्यांना मधली ओसाड वावरंच दिसली असावीत.

“आंब्याच्या पल्याडचं एक घर राह्यलं तुमचं,” असं म्हणून त्यांनी गजाननच्या हातातला खडू घेतला आणि स्वतः एक चौकोन काढला.

“मंग?” गुरुजींनी विचारलं.

“पाहू,” एवढंच म्हणून रहीमभाई उठले.

परीक्षा झाली. मूळ मास्तर परत आले आणि माझी जागा संपली. सलमाचं काय झालं ते कळलं नाही. आता कॉलेजात शिक्षणावर पुष्कळ व्याख्यानं ऐकतो, टिपणं काढतो. अंतर कमी करून सांगण्यापेक्षा वाट नीट दाखवावी, हे मात्र मला त्या चौथीनेच शिकवलं. पण त्याने एका बापाचं मन वळतं का, हे ठाऊक नसताना लिहिणं खरं वाटेना.

मागच्या आठवड्यात वाशीमच्या एसटी स्टँडवर गजानन भेटला. बापासोबत बाजाराला आला होता. मी आधी तेच विचारलं.

“जाते न सलमा!” तो म्हणाला. “अन् तिच्यामांगं आपल्या गावच्या आणखी पोरीबी. पयल्या दिवशी तिच्या अब्बानं सोताच नेलं. रस्त्यात जे घर लागे तिथं उभा राहे अन् सांगे, ‘माही पोरगी आजपासून इथून जाईन, ध्यान ठेवजा.’ म्हातारीनं चहा पाजला, राठोडानं शेंगा देल्या. गुरुजी, थे शाळेत पोचले तवा शाळा सुटून राह्यली होती.”