न फुटणारा रंग

तमाम मुरुमकरांस, तसंच आमच्या दुकानातून एखादी तरी घागर नेलेल्या प्रत्येकास, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, निजामाचं राज्य गेलं त्या साली मी एक खोटी जुनी पाटी करवून घेतली होती, आणि तिच्याबद्दलचा एकमेव प्रश्न ज्याला विचारायचा तो माणूस उत्तर न देताच निघून गेला आहे.

दस्तगीर पेंटर गेले, त्याला महिना होत आला. निरोप आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला पितळी घागर वाजवून दाखवत होतो. हात तसाच राहिला... आणि खरं सांगतो, आधी दुःख झालंच नाही, राग आला. चोवीस वर्षं मी त्यांना विचारत होतो, "दस्तगीरभाई, खरवडायचं राहून गेलं होतं, की मुद्दाम राखलं होतं?" आणि चोवीस वर्षं ते म्हणत होते, "सांगू की छोटे मालक, घाई काय हाय?" घ्या! आता कुणाला विचारू?

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. वडील नुकतेच वारलेले, भांड्यांचं दुकान माझ्या गळ्यात. राज्य बदललं आणि पंधरा दिवसांत बाजारातल्या उर्दू पाट्या उतरल्या. त्यातच एक पुढारी येणार आणि जुन्या राजवटीत मराठी पाटी लावण्याची हिंमत केलेल्या दुकानदाराचा सत्कार करणार, असं ठरलं. त्यासाठी दुकानदारांची सभा भरली, पण नाव सांगायला कुणी उठेना. मग मी उठलो! म्हणालो, "आमच्या वडिलांनी मराठीच पाटी लावली होती. निजामाच्या पोलिसांच्या अमीनसाहेबांनी उतरवायला लावली. अजून माळ्यावर आहे." टाळ्या पडल्या. माळ्यावर फुटक्या पराती होत्या.

बाजारातल्या निम्म्या पाट्या दस्तगीरभाईंच्या हातच्या, उर्दूही आणि मराठीही. पण त्या दिवसांत ते घराबाहेर जपूनच पडत. काम नव्हतं, आणि माणसांच्या नजरा बदललेल्या. आमची उर्दू पाटी दहा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेली. ती पोत्यात गुंडाळून मी त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, "लाकूड जुनं आहेच. अक्षरं खरवडा, वर मराठी लिहा, आणि रंग असा तडकवा की बघणाऱ्याला वाटावं, वडिलांच्या तरुणपणची आहे."

त्यांनी पोतं बाजूला सारलं. "रंग फुटू नये म्हणून उमर घातली म्या. आन तुमी म्हणता, फोडून द्या?"

पण घरात चूल पेटायची होती. कबूल झाले. आधी दुसऱ्या फळ्यांवर करून बघायचं ठरलं, आणि तिथून आमच्या हालांना सुरुवात झाली. पहिली फळी आठ दिवस उन्हात ठेवली, रंग ठणठणीत. दुसरी भट्टीच्या तोंडाशी धरली. फळी वाकली, रंग नाही वाकला. तिसरी मी स्वतः चिंचेच्या फोकानं बडवली. सत्कार चार दिवसांवर आला होता. मी वैतागून ओरडलो, "अहो, एकदा तरी वाईट काम करा!"

"येत न्हाय ना पण!" ते माझ्याहून मोठ्यानं ओरडले आणि ब्रश भिंतीवर फेकला.

शेवटी सुताराकडून लाकूड चिकटवायचा सरस आणला. पाटीवर त्याचा हात द्यायचा आणि तो चिकट असतानाच वरून खडूचा पांढरा रंग मारायचा. सरस आकसतो, वरच्या रंगाला ओढतो, तडे जातात. मराठी अक्षरं पुरी होईपर्यंत पाटीवर आटलेल्या तळ्यासारखी जाळी उमटली. भेगांत काजळी भरली, कोपरे विटेनं घासले. मी नाचायचाच बाकी होतो. दस्तगीरभाई मात्र पाटीकडं पाठ करून बसले. "खालचं खरवडलंत ना?" मी विचारलं. "झाकलंय," म्हणाले.

सत्काराच्या दिवशी पाहुणे भारावले. हार माझ्या गळ्यात घालायचा, तो त्यांनी पाटीलाच घातला. झेंडूचा, नुकताच पाणी शिंपडलेला, ठिबकणारा हार! आणि सरसाला पाणी लागलं की तो विरघळलाच. माझ्या वडिलांचं मराठी नाव सगळ्या बाजारादेखत हळूहळू खाली घसरू लागलं. त्यामागोमाग खडूचे ओले पोपडे. मागं उरली निळी जमीन, आणि निळ्यावर पांढरीशुभ्र उर्दू, 'बर्तनों की दुकान'. शेवटचं अक्षर नून म्हणजे अर्धी वाटी, आणि वाटीच्या पोटात बरोबर मधोमध एक नुक्ता, म्हणजे टिंब.

मला धरणी पोटात घेईना. मागून कुणीतरी दरडावलं, "कुणी लिवली रं ही?"

त्या दिवसांत, त्या गर्दीत, दस्तगीरभाईंनी गुमान सटकायला हवं होतं. मी डोळ्यांनी खुणावत होतो, जा, जा... ते उलट पुढं आले. माणसं बाजूला सारत पाटीपर्यंत गेले. अंगठ्यानं उरलेला खडू पुसला, जवळून बघितलं, आणि आपण कुठं उभे आहोत याचा विसर पडून मोठ्यानं बोलून गेले, "सुभानल्ला! नुक्ता जरासुदिक हलला न्हाय की!"