वाणात दिलेला गळ

आमच्या घरी जावई चुकत नसतो. चुकलाच तर त्याच्या ताटात आणखी एक अनारसा वाढतात. शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मोठ्या भावाचा, म्हणजे दादाचा, आवाज ऐकून आजही व्यापारी चपला काढून बसतात. पण त्याचा पुण्याचा जावई ओसरीवर आला की हाच माणूस आजारपणातही खाटेवरून उठून उभा राहतो. मला या प्रकाराची पहिल्यापासून चीड आहे.

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून दादाचा उजवा हात नावालाच उरला होता. पडल्या पडल्या तो मोबाइलवर हिमाचलच्या नद्या पाहायचा. थंडगार पाणी आणि त्यातला तो ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट मासा. लहानपणी आम्ही दोघं बांबूच्या काडीला दोरा बांधून नाल्यावर गळ टाकत बसायचो, ती हौस परत वर आली असावी. एक दिवस मला म्हणाला, "एक ट्राउट माह्या हातानं काढीन म्हनतो. मंग हा हात पुरा गेला तरी चालते."

स्वतःसाठी म्हणून या माणसाने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी त्याच दिवशी रेल्वेच्या तिकिटांचं पाहायला लागलो.

आणि ही गोष्ट जावयाच्या कानावर गेली. झाला विचका. साहेबांनी फोनवरच जाहीर केलं, मीही येणार आणि सामान मी निवडणार. जन्मात मासळीबाजाराच्या बाजूने न गेलेला माणूस, पण चार व्हिडिओ पाहिले की यांना पदवी मिळते. अधिक महिन्यात जावयाला ओवाळून वाण द्यायची आमच्याकडे रीत. त्या वाणाला दोन दिवस आधीच आला तो गाडीची डिकी भरून. कार्बनची रॉड, चकचकीत रीळ, काखेपर्यंत येणारी रबरी विजार, गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या किड्यांची डबी आणि एक जाकीट. त्या जाकिटाच्या खिशांत आमच्या गावचं पोस्ट ऑफिस मावलं असतं.

"हे फक्त बेसिक आहे, काकाजी," मला म्हणाला. बेसिक म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीसाठी धरणावर गेलो. अधिक महिन्यात आमच्या घरी मासा शिजत नाही, म्हणून काढायचा आणि सोडायचा, असं ठरलं. वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन, आणि त्यात हा बाबा रबरी विजार चढवून उभा. आतून उकडून निघाला होता, पण काढेल तर शपथ. दादाने डाव्या हातात रॉड धरली. रीळ फिरवायला दुसरा हात पाहिजे, तो कुठून आणायचा? बोटं घसरली, रॉड पाण्यात गेली. जावई धावत पाण्यात शिरला आणि ती घेऊन आला. त्या विजारीचा झाला तेवढाच उपयोग.

"राहू द्या मामाजी," तो हसत म्हणाला. "तिथे मासा मीच काढेन. तुम्ही फोटोपुरता हात लावा."

"बरोबर हाये, जावईबापू," दादा म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत येताना मी दादाला गाठलं. "आपली बांबूची काडी एका हातानं चालते. त्याले सांगत काहून नाही?"

"जावयाले कसं सांगू?"

"मंग मी सांगतो."

"तू बोलशील, अन् भोगीन माही पोरगी. गप राय."

रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

वाणाच्या दिवशी वहिनीने जावयाला पाटावर बसवून ओवाळलं. अनारशांचं ताट दिलं. मग दादा आत गेला आणि एका हाताने एकेक वस्तू आणून पाटासमोर मांडू लागला. रॉड, रीळ, जाकीट, विजार, डबी. वर नारळ ठेवला. वहिनीने काहीही न विचारता रबरी विजारीला हळदकुंकू लावलं.

"अहो मामाजी, हे तर तुमच्यासाठी आणलं होतं!"

"माह्यासाठी आनलं, म्हंजे माहं झालं. माहं होतं ते तुमाले देल्लं," दादा हात जोडून म्हणाला. "वाण हाये. नाही म्हनू नये."

आता बोला. मी हसू लपवायला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. डबीतला एक किडा मात्र मी आधीच काढून ठेवला होता. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा, बांबू तोडला.

हिमाचलात जावई ते सगळं चढवून नदीच्या मधोमध उभा राहायचा. त्याचा दोरा बहुतेक वेळ झाडात असायचा. सोडवताना तो वाऱ्याला नावं ठेवायचा. काठावरच्या एका दगडावर दादा, त्याच्या डाव्या हातात बांबू, आणि मागून त्याचा कमरपट्टा धरून मी. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे होणार नाही, अशी भीती मला वाटायला लागली.

निघायच्या दिवशी सकाळी बांबूचं टोक खाली गेलं. दादाने हात वर घेतला. वीतभर मासा, ठिपक्याठिपक्यांचा, दोऱ्याला लोंबकळत होता. जावई जाळी घेऊन पाणी उडवत धावत आला. "थांबा मामाजी, मी काढतो!"

"जावईबापू," दादा त्याच आदबीच्या आवाजात म्हणाला, "तुमी फोटो काढा. हात नका लावू."