नीलाने शोधलेला फिरता स्टँड

नीला ओव्हाळ माझ्या समोरच्या दारात राहते. चऱ्होलीतली आमची सोसायटी नवीन. इथले लोक लिफ्टमध्ये ओळख देतात आणि लिफ्टमधून उतरले की विसरतात. नीला तशी नाही. राहायला आली तेव्हा तिने माझ्याकडे विरजण मागितलं, आणि रिकामी वाटी कशी परत करायची म्हणून तीत खीर घालून आणली. तेव्हापासून मी तिची ताई झाले. तिचा एक दोष मात्र सांगायलाच हवा. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती तडीस नेल्याशिवाय या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही.

तिचे यजमान ज्ञानदेवभाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते. उभा जन्म पाळ्यांमध्ये गेला, आणि त्यातही तिसरी, रात्रीची पाळी जास्त, कारण ती कुणाला नको असायची आणि भाऊंना नाही म्हणता यायचं नाही. तेव्हा ते नेहरूनगरला एका खोलीत राहायचे. सकाळी कंपनीची बस सोडून जायची, भाऊ येऊन आडवे व्हायचे आणि घर कुजबुजायला लागायचं. नीला हे मोठ्या कौतुकाने सांगते. शिट्टी व्हायच्या आत ती कुकर उतरवायची. आयुष, तिचा मुलगा, धड बोलायच्या आधी खुणा करायला शिकला. टीव्ही लावलाच तर आवाज बंद, आणि पोराने बापाच्या खाटेला पाठ लावून बसायचं, म्हणजे उजेड त्यांच्या डोळ्यांवर जायला नको. आडवा माणूस म्हणजे झोपलेला माणूस, त्याला कुणी त्रास द्यायचा नाही, हा त्या घरचा कायदा होता. मला विचाराल तर असल्या कायद्याने घर चालतं, पण बाप पोरांच्या ओळखीचा होत नाही. हे मी नीलाला कधी बोलले नाही. तिने तो संसार कसा रेटला ते तिलाच ठाऊक.

निवृत्त झाल्यावर भाऊंनी हा फ्लॅट घेतला आणि हौसेने मोठा टीव्ही भिंतीवर लावून घेतला. तो जेमतेम वर्षभर बघितला असेल, तेवढ्यात लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा प्रश्न आला खाटेचा. आतली खोली आयुष, त्याची बायको साक्षी आणि लहानगी आम्रपाली यांची. हॉलमध्ये खाट मावेल अशी एकच भिंत, आणि तिच्यावरच टीव्ही. तेव्हा खाट टीव्हीखाली लागली. समोरच्या भिंतीला सोफा. संध्याकाळी घर सोफ्यावर बसून टीव्ही बघायचं, आणि ज्याने तो हौसेने आणला तो त्याच्या खाली पडून असायचा. त्याला पडदा दिसायचा नाही.

नीलाला हे खुपायला लागलं. डॉक्टर म्हणाले होते, औषधाचं काम औषध करील, पण माणसाला कशाची तरी ओढ राहिली पाहिजे. खाणं सोडलं, व्यायाम सोडला, तर मग हातात काही राहणार नाही. भाऊ तेव्हा नीलाच्या हातून चार घास तरी खात होते, एखादा शब्द काढायची धडपड करत होते. नीलाने विचारलं, टीव्ही बघायचाय का? त्यांनी मान हलवली. ते सगळ्यालाच मान हलवायचे, पण नीलाला तेवढं पुरे झालं.

आधी तिने भिंतीतून बाहेर ओढता येणारा ब्रॅकेट आणवला. लावायला आलेल्याने भिंतीवर टकटक केलं आणि सांगितलं, मावशी, भिंत पोकळ ठोकळ्यांची आहे, एवढं वजन बाहेर ओढलं तर टीव्ही काकांच्या अंगावर येईल. मग ठरलं की टीव्ही खाली घ्यायचा आणि समोरच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी, फिरत्या स्टँडवर ठेवायचा. म्हणजे भाऊंकडे फिरवता येईल, आणि नीला पोळ्या लाटत असली तर तिच्याकडेही.

तो स्टँड काही मिळेना. पिंपरीच्या कॅम्पात आम्ही दोघी दुकानं पालथी घालत फिरलो. एका दुकानदाराने न फिरणारा स्टँड दाखवला आणि म्हणाला, फिरवायचा कशाला, तुम्हीच इकडून तिकडे बसा की. मी त्याला चार शब्द सुनावणार होते, नीलाने दंड धरून मला बाहेर काढलं. ऑनलाइन मागवलेल्या एकाची भोकं टीव्हीच्या मागच्या भोकांशी जुळेनात. दुसरा जुळला, पण टीव्ही ठेवल्यावर बोट लावलं तरी डुलायचा, तो परत पाठवला. मी नीलाला म्हटलं, बाई, एवढ्यात मुलीचं लग्न जमलं असतं. ती हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. दुपारी घरी येऊन बघायची तर भाऊ होते तसेच वरच्या पंख्याकडे बघत पडलेले.

शेवटी भाऊंचा कंपनीतला जोडीदार समाधान मदतीला आला. त्याने मापं घेतली आणि भोसरीत ओळखीच्या शेडमध्ये स्टँड करवून घेतला. खाली जाड पत्रा, मध्ये बेअरिंग, आणि रंग मशीनला मारतात तो हिरवा. साक्षीने रंग बघून नाक मुरडलं. स्टँड मात्र फर्मास होता, आम्रपालीच्या एका बोटाने फिरायचा. सोफा ओढून खाटेच्या पुढ्यात घेतला. समाधानने टीव्ही भाऊंकडे वळवला आणि म्हणाला, राव, आता मालक झालास. नीलाने त्या दिवशी सगळ्यांना शिरा खाऊ घातला. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

आणि त्या दिवसापासून भाऊ उतरणीला लागले.

आधी संध्याकाळचं जेवण सुटलं. नीला घास पुढे करी, ते ओठ मिटून घेत. व्यायाम घ्यायला बाई येई, तिच्यापुढे हात लुळा सोडून देत. मग तर टीव्ही लागला की मान भिंतीकडे वळवायला लागले. नीला म्हणे, कोन चुकतोय. ती स्टँड इंचाइंचाने फिरवायची, खाली पाट घालून उंच करायची. मग म्हणे, उजेड लागतोय डोळ्यांना. त्याबरोबर आवाज कमी झाला, बोलणी कुजबुजीवर आली. आयुष हिंजवडीहून कंपनीच्या कॅबने दमून येई आणि सोफ्यावर, बापाला पाठ करून बसे. साक्षी शेजारी, आम्रपाली खाली खाटेला टेकून. नेहरूनगरची ती खोली पुन्हा उभी राहिली, आणि कुणाला काही चुकतंय असं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. दवाखान्यात परत न्यावं लागणार, नाकातून नळी घालावी लागणार, अशी बोलणी चालू झाली. नीला माझ्या ओट्याशी उभी राहून रडली. म्हणाली, टीव्हीला पण बघंनात, मग आता मी काय आणू ओ ताई ह्यांच्यासाठी?

त्यात एक गुरुवार आला. आपल्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि विजेच्या लाइनची कामंही गुरुवारीच, त्यामुळे सकाळी गेलेली लाइट दिवस कलायला आला तरी आली नव्हती. आयुष त्या दिवशी घरूनच काम करत होता, आता त्याचा लॅपटॉप आणि फोन दोन्ही मेले होते. बघायला काही नाही म्हटल्यावर घरातले पहिल्यांदा खिडकीशी, उजेडाला बसले. खिडकी खाटेच्या समोरच. मीही दार उघडं टाकून तिथेच बसले होते. आम्रपाली शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती, चष्मा सावरून कशा ओरडतात ती. आयुष खो खो हसत होता, साक्षी तिला दटावता दटावता हसत होती. नीला सवयीने भाऊंपुढे भाताचा घास धरून बसली होती, आणि तिचंही लक्ष नातीकडे होतं. भाऊंनी घास घेतला. मग दुसरा घेतला. नीलाने आधी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती घास देत राहिली.

तेवढ्यात लाइट आली. टीव्ही आपोआप सुरू झाला. आयुष उठून सोफ्यावर जाऊन बसला, त्याच्यामागे पोरगी आणि साक्षीही गेल्या. भाऊंनी तोंडातला घास तसाच ठेवला. डावा हात उचलून त्यांनी नीलाचा पदर धरला, आणि मानेच्या शिरा ताणून, तोंडातलं सांडत, मोठ्या कष्टाने बोलले.

"तोंडं... दिसंनात."

नीलाला कळलं नाही. त्यांनी सोफ्याकडे, तिघांच्या पाठींकडे बोट केलं आणि पुन्हा तेच म्हणाले.

मला मात्र कळलं. टीव्ही डोक्यावर होता तेव्हा रोज संध्याकाळी सगळं घर त्या माणसाच्या समोर तोंड करून बसायचं, हसायचं, हळहळायचं. जन्मभर बाप झोपलाय म्हणून गप्प केलेली तोंडं त्याला आजारपणात बघायला मिळाली होती. त्याला कसला पडदा हवा होता? आणि आम्ही कॅम्पात फिरफिर फिरून, बेअरिंग बसवून, तेवढंच त्याच्यापासून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आयुषने कुणी न सांगता टीव्ही परत भिंतीवर चढवून घेतला, सोफा मागे नेला. स्टँड गच्चीत गेला. भाऊ पुन्हा जेवायला लागले. बोलणं काही सुधारलं नाही, चालणं तर नाहीच, डॉक्टरही आता फारसं काही सांगत नाहीत. पण नळी टळली.

आता निभावलं बाई, असं मी म्हटलं तेव्हा नीला भाजी निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

"त्यांच्याकडं कोण बघतंय ओ ताई," ती म्हणाली. "सगळी त्यांच्या डोक्याच्या वर बघतात. त्यांना वाटतं, माझ्याकडं बघून हसत्यात."

मी तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. टीव्हीवर काहीतरी विनोदी चाललं होतं, आयुष हसत होता, आणि भाऊ अर्ध्या ओठाने त्याच्याबरोबर हसत होते. हसता हसता आयुषची नजर खाली आली आणि बापाच्या नजरेला भिडली. दोघंही तसेच थांबले. आयुषने बोलायला तोंड उघडलं, पण बापाशी काय बोलतात ते त्याला आठवेना, कारण ते त्याला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. भाऊ वाट बघत होते. थोड्या वेळाने आयुषने परत वर बघितलं.