फेट्याखालचं कडं

ती घटना आठवली की आजही डोक्यात तिडीक जाते. तेव्हा मी पनवेलला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना रुग्णालयातून फोन आला. नेऱ्याकडच्या एका फार्महाऊसच्या रखवालदाराला आणलं होतं, हातपाय लुळे पडले होते आणि डॉक्टरांना घातपाताचा संशय होता.

हा कातकरी गडी काही आठवड्यांपूर्वी आंब्यावरून पडला होता. मानेचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन न करता कवटीला स्क्रूनं एक कडं बसवलं आणि सळ्यांनी ते छातीवरच्या जाकिटाला जखडलं. मान हलली नाही तर हाड सांधेल, हातपाय शाबूत राहतील, असं सांगून घरी पाठवलं होतं. आता सळ्या निघालेल्या होत्या.

मालक नवीन पनवेलचा, शिकलेला, गोडबोल्या. म्हणाला, "साहेब, यांच्या भगतानंच काढल्या असणार. या लोकांना किती समजवायचं?" आमच्या हवालदारानंही मान डोलावली. आदिवासी म्हटलं की भगत, आणि भगत म्हटलं की प्रकरण मिटलं!

गड्याची बायको वॉर्डाबाहेर बसली होती. "भगत नाय आला, सायेब. मालकाची वास्तुशांत होती. याला फेटा बांधून गेटावर उभा केला."

"तो नको म्हणाला नाही?"

"म्हनला ना. पन ऱ्हायाची खोली मालकाची हाय. जायाचं कुठं?"

फार्महाऊसचा पंचनामा केला. फेट्यांच्या ढिगात एकावर, कपाळाच्या जागी, रक्ताचे दोन डाग होते. तो फेटा मालकाच्या ड्रायव्हरपुढे ठेवला आणि तो बोलता झाला. अडचणीत डॉक्टरांना जाकीट उघडता यावं म्हणून पाना जाकिटालाच चिकटवलेला असतो. "शेठ म्हणाले, सळ्या तेवढ्या काढ. कडं फेट्यात झाकलं जाईल."

मालकाला पुन्हा समोर घेतलं. आता तो चिडला. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नव्हतं ते! पूजा झाल्यावर परत लावणारच होतो ना!" माणसाची मान त्याला मांडवाचा खांब वाटली होती. आणि तो गडी येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता.

मी मालकाला अटक केली. नोकरीत मारेकरी खूप पाहिले. त्यांना निदान राग आलेला असायचा. याला तोही आला नव्हता. तेव्हापासून कुणी भगताचं नाव घेतलं की मी आधी नाव घेणाऱ्याचे हात तपासत आलो.

जबाबासाठी गड्याच्या खाटेशी गेलो, तेव्हा त्यानं तक्रार केलीच नाही. एवढंच विचारलं, "सायेब, त्या सळ्या परत लावल्या तर उठंन ना मी?"