पल्याडची आणि तिची उघाडी

पल्याडची चपला काढून खाडीच्या बांधावर चढायची आणि चालता चालता मध्येच थांबून म्हणायची, "हितं पानी झिरपतंय." तिच्या तळव्यांना ते कळायचं. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांध आतून पोखरला की भरतीचं पाणी त्या बिळांतून शिरतं, आणि कुणी लक्ष दिलं नाही तर उधाणाला बांध फुटून खाडी गावात येते. "तिच्या पायांना डोळे हायत," असं आमचे हे कौतुकाने म्हणायचे. माझ्या पायांबद्दल त्यांनी उभ्या संसारात अवाक्षर काढलं नाही.

तिला नाव होतं, पण मी ते कधी घेतलं नाही. बोनकोडे गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून ती पल्याडची; लग्नंही एकाच हंगामातली. मी रंगाने उजळ, स्वयंपाकात सुगरण, माहेरही वजनदार. तरी येणारा-जाणारा आधी विचारायचा ते तिलाच. का, ते मला आजही सांगता यायचं नाही.

आमची भातशेती नव्या शहराखाली गेली. राहिला तो मागचा बांध आणि त्यातली उघाडी. उघाडी म्हणजे फळ्यांचं दार, ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं. गावाचं पावसाचं पाणी अजूनही त्याच दारातून खाडीत जातं. पल्याडची त्या दाराची स्वयंघोषित मालकीण होती. फळीत अडकलेल्या पिशव्या ती ओढून काढायची आणि त्या कुणाच्या आहेत तेही शोधायची. एकदा सकाळी आमच्या भाडेकरूंची चिखलाने बरबटलेली पिशवी माझ्या उंबऱ्यावर टाकून म्हणाली, "तुज्या भारेकऱ्यांची हाय. धुऊन दे त्यांना." असल्या बाईला लोक देवमाणूस म्हणायचे!

माझ्या मनातली खरी सल नारळाची. नारळी पौर्णिमेला उघाडीवरून खाडीला पहिला नारळ द्यायचा मान आमच्या घराचा. त्याला अट एकच, त्याआधी बांधाला चिखल-पेंढ्याचा शेवटचा गोळा नारळ देणाऱ्याच्या हाताने लागायला हवा. शेतं होती तोवर आमच्याकडचे पुरुष लावायचे. मग घरावर मजले चढले, पोरं महाप्याला नोकरीला लागली, आणि चिखलात उतरायला कुणाला सवड राहिली नाही. गोळा पल्याडची लावू लागली. नारळ मात्र आमचाच, असं मी धरून चालले होते.

एका वर्षी मी नवी साडी नेसून, अंगभर सोनं घालून बांधावर उभी राहिले. पल्याडची गुडघाभर चिखलात होती. सासूबाई पुढे झाल्या आणि सगळ्या गावासमोर त्यांनी नारळ तिच्या हातात ठेवला. माझ्या सासूने! मी गणपतीपर्यंत दोघींशीही बोलले नाही. पल्याडचीला तर मी अबोला धरलाय हेच कळलं नाही. रोजच्यासारखी ती भिंतीपलीकडून हाका मारत राहिली आणि उघाडीत सापडलेल्या चिंबोऱ्यांचं कालवण आमच्याकडे पाठवत राहिली. आमचे हे बोटं चाटून खायचे. मीही खायचे, पण मीठ जास्त झालंय असं दर वेळी म्हणायचे.

पुढे तिचे गुडघे गेले. लेकीने उरणला न्यायचं ठरवलं. आता उघाडी कोण बघणार, याची गावात चर्चा सुरू झाली आणि मी वाट बघू लागले. भिंतीला भिंत माझी, मान माझ्या घराचा. ती मलाच बोलावणार, यात मला शंका नव्हती. तिने बोलावलं समोरच्या सोसायटीतल्या एका बाईला. ती नांदेडकडची, वाशीला ऑफिसात कारकून. तिने जन्मात खाडी पाहिलेली नाही! पल्याडची काठी टेकत तिला बांधावर नेऊन तळवे कुठे दाबायचे ते शिकवत होती, आणि मी गच्चीवरून बघत जळत होते.

शेवटी न राहवून मी तिच्या दारात गेले. "मी मेले व्हते का गो? मना का नाय सांगितलंस?"

ती कपडे भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू नारल मांगत व्हतीस. तिनं इचारलं, फली कशी लावायची."

मी तशीच परत आले. ती उरणला गेली आणि पावसाळ्याआधीच तिथे वारली.

आता मी ओहोटीला बांधावर जाते ती त्या नांदेडवालीच्या चुका काढायला. बरं सापडतं काहीबाही. पिशव्या राहिलेल्या असतात, कुठे एखादं बीळ सुटलेलं असतं. तिला सांगायला जायचा मला कमीपणा वाटतो, म्हणून मीच पदर खोचून बुजवते. परवा फळी तिरकी बसली होती. ती सरळ करत असताना फिरायला आलेला एक तरुण थांबला. "आजी, एवढी वर्षं हे सगळं तुम्हीच करता ना?"

हो म्हणायला काय लागत होतं? तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"नाय," मी म्हटलं, आणि तिचं नाव घेतलं. "ती करायची. मी तिची शेजारीन."

फळी त्या नांदेडवालीला मिळाली, नारळही उद्या तीच देईल. पण पल्याडचीची शेजारीण व्हायला आता कुणी येऊ दे, मी होऊ देणार नाही.