अभिमनच्या नावाची मूठ

ज्योत्स्नाने उमेदीची सगळी वर्षं विंगेत घालवली. धुळ्यात देवपूरच्या शाळेत ती शिक्षिका. गॅदरिंगच्या नाटकात तिथेच शिकवणारा नवरा अभिमन उजेडात, ही पडद्याआड वही धरून त्याला वाक्यं पुरवणार. तिचा आवाज पहिल्या रांगेलाही कधी ऐकू गेला नाही. अभिमनचं यकृत निकामी झालं तेव्हाही गाजावाजा न करता ती मुंबईला जाऊन स्वतःच्या यकृताचा निम्म्याहून मोठा तुकडा त्याला देऊन आली.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं. नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या अंगातली झुंजायची ताकदच काढून घेतात. धुळीतली, जुन्या धान्यातली बुरशी तुम्हाआम्हाला काही करत नाही. याच्या छातीत शिरली तर तिथेच घर करेल.

तिसऱ्या महिन्यात श्रावण लागला, खानदेशच्या घराघरांत बसते ती देवी कानबाई आली. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, त्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू निघतो. थोरला दीर तोताराम दोंडाईचाकडच्या गावाहून कोठीतल्या गव्हाचं पोतं घेऊन आला आणि ते थेट अभिमनच्या पलंगापाशी सोडलं. पांढुरकी धूळ उठली. कुबट वास स्वयंपाकघरापर्यंत आला.

"आबा, बाहेर घ्या ना," ती विंगेतल्या आवाजात म्हणाली.

"देवीनं काम शे, ज्योत्स्ना. पाच मिनिटं लागतीन."

अभिमनने हसत मास्क उतरवला. "देवीपुढे असा बसलो तर दरोडेखोर समजेल मला." आणि पोत्यात हात घातला.

बाराव्या दिवशी ताप, कोरडा खोकला. गल्लीतल्या डॉक्टरने हवेवर ढकललं. तापाच्या चौथ्या दिवशी खोकल्यातून रक्त आलं. स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात बुरशीची गाठ दिसली. पुन्हा मुंबई. पाच आठवडे शिरेतून औषध, मग फुप्फुसाचा तुकडा कापला. दोनदा डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून मन घट्ट करायला सांगितलं.

भेटायला आलेला तोताराम म्हणाला, "तू देवीना गहूले नाक मुरडं. कानबाई कोपनी."

तिला राग आला. तो उतरलाच नाही. दिरावर, गल्लीतल्या डॉक्टरवर, हसणाऱ्या नवऱ्यावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या दबक्या आवाजावर.

पुढच्या श्रावणात तोतारामची रिक्षा फाटकाला लागून थांबली. अभिमन खिडकीच्या काचेआड, निम्म्या वजनाचा. ज्योत्स्नाने अंगणात येऊन फाटकाला आतून कडी घातली.

"पोतं रिक्षातच राहू द्या."

गल्लीच्या टोकाला दूधवाल्याने मान वळवली, एवढा तो आवाज होता.

"बठ्ठा पुरुषस्नी मूठ लागस," तोताराम म्हणाला. "अभिमननी कोन काढी?"

"मी."

"बाईमानुसनी चालत नही."

"वर्षभर त्यांच्या पोटात माझं यकृत चालतंय, आबा. ते चालतं आणि मूठ चालत नाही?"

तिने नाकातोंडावर पदर आवळला, फाटकावरून वाकून रिक्षातल्या पोत्यात हात खुपसला, आणि सव्वा मूठ गहू तोतारामच्या हातातल्या टोपलीत टाकला.

मग अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, मागच्या न्हाणीत लुगडं बदलून आत गेली. थोड्या वेळाने चहा आणला, नेहमीसारखी दोन चमचे साखर घातलेला. तो तोतारामला कुंपणाच्या भिंतीवरून दिला. फाटक उघडलं नाही.